मंडळीची वही

कुणबी नोंद शोधायला मी चर्चमध्ये गेलो.

२०२३ सालचा डिसेंबर होता. आमच्याकडे तेव्हा मराठा आरक्षणासाठी घराघरांत एकच काम चाललं होतं. पणज्या-खापरपणज्याच्या नावापुढे 'कुणबी' लिहिलेला १९६७ च्या आधीचा एखादा कागद सापडतो का, हे बघायचं. आमचं गाव नेवासा तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, कागद चाळायची सवय आहे, म्हणून भावकीनं ते काम माझ्यावर सोपवलं. गाव नमुना १४, ज्याला आम्ही कोतवाल बुक म्हणतो, त्याची नेमकी जुनी पानं नव्हती. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या आजोबांच्या पिढीपासून सुरू होत होतं. मला हवा होता आजोबांचा बाप.

माझ्याबरोबर नोकरी केलेले एक गुरुजी ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत राहतात. एका संध्याकाळी पारावर बसलो असताना ते म्हणाले, "आमच्या मंडळीची पेटी पाहिली का तुम्ही? तिच्यात मिशनच्या जुन्या शाळेचं रजिस्टर आहे. त्या शाळेत सगळ्या गावाची पोरं होती." मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं.

मी साठ वर्षं या गावात काढली. नाताळच्या फराळाला दरवर्षी त्या वस्तीत जातो. माणूस गेला की मातीला जातो. पण चर्चमध्ये पेटी आहे आणि तिच्यात आमच्या गावाचे कागद आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत मी मुलांना 'आपल्या गावाचा इतिहास' लिहायला सांगत असे. मुलं मारुतीचं देऊळ, वेस, बारव आणि पाटलाचा वाडा लिहून आणत आणि मी पूर्ण गुण देत असे.

पेटी पत्र्याची. हिरवा रंग जागोजागी उडालेला. आत डांबरगोळ्या, जुनी गीतांची पुस्तकं, पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला प्रभुभोजनाचा पितळी पेला आणि खाली सात वह्या. पाळकसाहेब तरुण आहेत, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. पेटी उघडण्याआधी ते म्हणाले, "गुरुजी, हात धुऊन पुसून या. आणि खिशातलं बॉलपेन बाहेर ठेवा. पेन्सिल चालेल." त्या एका वाक्यावरून मला कळलं की हा माणूस वह्या नीट ठेवणारा आहे.

सभासदांची वही, बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयतांची, वर्गणीची, पंचांच्या सभांची आणि शाळेचं रजिस्टर. पहिली वही वाण्याच्या खतावणीसारखी लांबट, पाठीला कातडं. मूळची काळी शाई आता वाळक्या पानासारखी तांबूस झाली आहे. लिहिणाऱ्यानं बोरू जिथं दाबला तिथं शाईनं कागद जाळलाय. पान उजेडासमोर धरलं की 'म'च्या गाठीतून आणि 'र'च्या शेपटातून पलीकडचा उजेड दिसतो. पान उलटताना अक्षराचा तुकडा गळून मांडीवर पडतो. मी पहिल्या दिवशी चार पानं उलटली आणि थांबलो. अशा वहीला घाई चालत नाही.

सभासदांच्या वहीत रकाने असे: अनुक्रमांक, नाव, गाव, जात, कसा आला, तारीख, कसा गेला, शेरा. 'कसा आला' याला दोनच उत्तरं, 'कबुलीने' किंवा 'दाखल्याने'. कबुलीने म्हणजे स्वतः विश्वास कबूल करून, दाखल्याने म्हणजे दुसऱ्या गावच्या मंडळीचं पत्र घेऊन. 'कसा गेला' याला तीन उत्तरं: वारला, दाखला घेऊन गेला, काढून टाकला. एवढ्यावर माणसाचं येणं-जाणं कळतं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिणारा कधीकधी मोकळा झालेला असतो, आणि गाव तिथं भेटतं.

या वह्या आमच्याकडे आल्या कुठून, हे थोडं सांगायला हवं. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८३१ च्या अखेरीस त्याच मिशनचे लोक नगरला आले, आणि १८३३ साली नगरला पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे हेन्री बॅलंटाइन यांनी नगरला जवळजवळ तीस वर्षं काढली. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरलाच सुरू झाला. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरच्याच. जोतीराव फुल्यांनी त्यांतली शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे शिकलो आहोत. आमच्या नेवासा भागाचं ठाणं वडाळ्याला होतं. १८५७ पासून तिथं सॅम्युएल फेअरबँक राहिले. त्या गृहस्थांनी मराठी मुलखातल्या पक्ष्यांची यादीसुद्धा छापली आहे. गावोगाव मंडळ्या झाल्या, त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातल्या माणसांच्या. १९२४ साली या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. नावं बदलली, पाट्या बदलल्या, पेटी तीच राहिली.

मिशनऱ्यांनी बोस्टनला पाठवलेले अहवाल आणि पत्रं आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. अभ्यासक तिथं जातात आणि त्यावर पुस्तकं होतात. ते कामाचं आहेच. पण ते कागद देणगीदारांना वाचायला म्हणून लिहिलेले आहेत. काम किती वाढलं, लोक किती ऐकतात, हे सांगण्याकडे त्यांचा ओढा असणारच. गावातली वही कुणाला दाखवायला लिहिलेली नाही. तिच्यात मंडळी रोडावली तेही आहे, पाळकाचा पगार तीन महिने थकला तेही आहे. म्हणून मला विचाराल तर गावच्या इतिहासाला वहीची एक ओळ अहवालाच्या पानाहून भारी.

नोंदी वाचायला मी बसलो ते पणजोबाला शोधायला, पण पहिले तीन रविवार मी दुसरंच वाचत राहिलो. बायकांची नावं.

आमच्या घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आहे. अकरा पिढ्या. सगळे पुरुष. सरकारी कागदात महारवाडा येतो तो हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीपुढे 'समस्त महार' एवढ्या दोन शब्दांत. म्हणजे एका दप्तरात बाई नाही आणि दुसऱ्या दप्तरात त्या वाड्यातला माणूसच वेगळा काढलेला नाही. आणि या तांबूस वहीत बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीला 'आईचे नाव' हा रकाना आहे, आणि तो भरलेला आहे. राही, सखू, ठकी, भागू, धोंडी. तिचं माहेरचं गाव आहे. ती स्वतः सभासद असेल तर तिचा स्वतंत्र अनुक्रमांक आहे, नवऱ्याच्या आधीचासुद्धा. काही ठिकाणी नवरा आलाच नाही, ती एकटी 'कबुलीने' आलेली. १८६० नंतरच्या आमच्या गावातल्या बायकांची नावं एवढ्या संख्येनं दुसऱ्या कुठल्या कागदावर असतील असं मला वाटत नाही.

वयं मात्र जशीच्या तशी धरू नयेत. पंचवीस, तीस, चाळीस अशीच वयं फार दिसतात. लिहिणाऱ्यानं अंदाजानं घातलेली. मी एका बाईच्या तीन नोंदी ताडून पाहिल्या, आठ वर्षांत तिचं वय पंधरानं वाढलं होतं. आडनावंही सुरुवातीला नाहीत. 'अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' एवढंच. पुढच्या पिढीत गावाला 'कर' लागून आडनाव होतं. त्याच पिढीत याकोब, शमुवेल, मार्था ही नावं येतात. पहिल्या पिढीनं बहुधा आपली जुनीच नावं ठेवलेली आहेत.

गावांची नावं वाचताना मी एकदा अडलो. काही गावं मला ओळखूच येईनात. गुरुजींनी सांगितलं, "ती धरणात गेली हो." जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नाथसागराच्या फुगवट्यात नेवासा, शेवगाव, गंगापूर, पैठणकडची गावं बुडाली. माणसं उठून नव्या गावठाणांत गेली आणि गावाचं नाव बरोबर घेऊन गेली. जुन्या गावात कोण कुठल्या वाड्यात राहत होतं, ते आता पाण्याखाली. वहीत एका बुडालेल्या गावची घरं लिहिली आहेत, ओढ्यापासून वरच्या अंगाला मोजत, घरामागे माणसं किती ते सांगत. पाळकाला घरोघर भेटीला जायचं असे म्हणून त्यानं स्वतःसाठी केलेली ती यादी. आज त्या गावाचा तो एकच नकाशा आहे.

नदीपलीकडून येणाऱ्यांपुढे 'मोगलाईतून' असा शब्द आहे. निजामाच्या राज्याला आमच्याकडे जुनी माणसं मोगलाईच म्हणत. १८९९ आणि १९०० च्या पानांवर हा शब्द ओळीनं येतो. तो छप्पन्नचा दुष्काळ. नगर जिल्ह्यानं त्यात फार सोसलं. अमेरिकेत लोकवर्गणीतून गोळा केलेला मका १९०० साली जहाजानं मुंबईला आला. मिशननं अनाथ मुलं सांभाळली. बाप्तिस्म्याच्या वहीत त्या मुलांच्या नोंदी आहेत. 'वय अंदाजे ६. गाव मोगलाईत, नाव सांगता येत नाही. आईबाप नाहीत.' इतर पानांवर भरगच्च असलेला आईच्या नावाचा रकाना इथं रिकामा. एका मुलीच्या नोंदीत त्या रिकाम्या रकान्यात लिहिणाऱ्यानं लिहिलंय, 'आईला बया म्हणते.' नाव नव्हे, हाक आहे ती. पण मुलीला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं लिहून घेतलं. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो.

मयतांची वही सगळ्यांत पातळ आहे. एरवी एका पानावर दोन-तीन वर्षं मावतात. आश्विन-कार्तिक १९१८ ला दोन पानं लागली आहेत. त्या सालच्या इन्फ्लुएंझानं मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, आणि त्यातच पाऊसही गेलेला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वहीत ते असं दिसतं: पहिल्या सहा-सात नोंदी पाळकाच्या ठसठशीत बाळबोध अक्षरात. मग अक्षर बदलतं. शाळामास्तरानं लिहायला घेतलेलं, मोडीत, घाईनं, शिरोरेघ एका दमात ओढलेली. मरणाच्या कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'तोच', खाली 'तोच'. मग पाळकाचं अक्षर परत येतं, थरथरतं, रेघेच्या खाली उतरणारं. परत आलेल्या अक्षरातली पहिली नोंद त्याच्याच घरातली आहे.

आणि समासात रेघा आहेत. उभ्या, बारीक. डोक्यावर लिहिलंय: पाटील आळी, माळवाडा, बाजारपेठ, महारवाडा, मांगवाडा. प्रत्येकाखाली रेघा, एका माणसामागे एक. त्या पाळकानं किंवा मास्तरानं साऱ्या गावाचे मेलेले मोजले होते. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळे. का मोजले? पाटील आळीखालची एक रेघ गोल केली आहे आणि बाजूला 'कोतवाल' लिहिलंय. जन्ममृत्यू लिहिणारा कोतवालच गेला होता. मग चर्चच्या वहीनं गावाचं काम केलं.

माझ्या आजोबांच्या दोन बहिणी त्या तापात गेल्या असं घरात सांगतात. पाटील आळीखालच्या रेघांत त्या दोघी आहेत. त्यांची दुसरी खूण कुठं राहिलेली नाही.

त्या दिवसापासून मी 'त्यांच्या वह्या' म्हणायचं सोडलं.

पंचांच्या सभांची वही वाचायला पाळकसाहेबांनी मला लगेच दिली नाही. ते बरोबरच केलं. मंडळीचे पंच म्हणजे त्यांच्यात ज्यांना 'वडील' म्हणतात ती जाणती माणसं. त्यांच्यापुढे मंडळीतली भांडणं, चुका, तक्रारी येत. कुणी दारू प्यायला, कुणी जत्रेला जाऊन बोकड कापला, कुणी मुलीचं लग्न लहानपणी लावलं, कुणाचं नवरा-बायकोचं पटेना. नावनिशीवार सगळं. त्या माणसांची पतवंडं आज गावात नांदतात. शेजारच्या एका गावात कुणीतरी अशा पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं उघड्यावर मांडणं नव्हे. आम्ही ठरवलंय की पंचांच्या वहीतलं नावासकट काही बाहेर जाणार नाही. ज्यांच्या घरातलं असेल त्यांना हवं तर दाखवायचं. जातीच्या रकान्याचंही तेच. या लेखातही मी वहीतल्या एकाही माणसाचं पुरं नाव दिलेलं नाही.

पण त्याच वहीत सगळ्या गावाचा इतिहास भरलेला आहे. विहिरीचं एक प्रकरण चार सभा चाललं आहे. दुसऱ्या एका प्रकरणात बाप्तिस्मा घेतलेल्या घरांनी मरीआईच्या गाड्याचं काम करायला नकार दिला, त्यावरून गावानं त्यांचं बलुतं बंद केलं आणि सुगीत खळ्यावर उभं राहू दिलं नाही. पंचांपुढे प्रश्न असा की काम सोडलं तर वतन जातं, वतन गेलं तर पोटाला काय? १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नव्हता, पण खळ्यावरच्या दाण्याला तो कायदा कुठं लागू पडणार? शेवटी दोन घरं काम सोडून नगरला गेली, एक घर परत जुन्या कामावर गेलं आणि मंडळीतून बाद झालं. खळं अडवणाऱ्यांत आमच्या आळीतल्या माणसांची नावं आहेत. ती मी वाचली, आणि माझ्या घरीही सांगितली.

बाहेरगावी गेलेल्यांचा माग 'दाखला' या रकान्यात लागतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यानंतर दाखले मनमाडला जाऊ लागतात, मग मुंबईला, मग सोलापूरला गिरण्यांत. कोण कुठं गेला याचा असा तारीखवार हिशेब गावात दुसऱ्या कुणाकडेच नाही. असेच कागद नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटीचे. त्यांनी १८५४ साली वसवलेल्या शरणपूरला गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली. तिथं शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर १८७४ साली इंग्लंडला पोचला. नाशिकच्या या उपनगराचा इतिहास असा आफ्रिकेपर्यंत जातो.

आता पणजोबा.

शाळेचं रजिस्टर मी शेवटी घेतलं. १८८३ चं पान. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, वय, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, शेरा. आमचं आडनाव नाही, पण नाव, बापाचं नाव आणि 'पाटील आळी' एवढं जुळलं. जातीच्या रकान्यात 'कुणबी'. ज्यासाठी आलो होतो तो शब्द. मी शेजारी बसलेल्या गुरुजींना दाखवला, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग शेरा वाचला. 'महाराच्या मुलाशेजारी बसवतात म्हणून बापाने काढून नेले.'

गुरुजी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पाळकसाहेब चहा सांगायला म्हणून उठून गेले.

पुढच्या वर्षीच्या पानावर पणजोबाचं नाव पुन्हा आहे. दाखल तारीख माघातली, म्हणजे सुगी आटोपल्यावरची. शेरा फक्त 'पुन्हा आला'. कुणी समजावलं, घरात कुणाचं चाललं, काही लिहिलेलं नाही. त्यानंतर तीन वर्षं तो त्या शाळेत आहे. आमच्या घरात पणजोबांची एकच गोष्ट सांगतात. ते श्रावणात मारुतीच्या देवळात महिनाभर पोथी वाचत, 'शिवलीलामृत' आणि 'हरिविजय', आणि त्यांचं वाचन ऐकायला शेजारच्या वाडीची माणसं येत. ते वाचायला कुठं शिकले हे कधी कुणी विचारलं नाही. आमच्या घराण्यातलं पहिलं अक्षर मिशनच्या शाळेत, त्या मुलाच्या शेजारी बसून गिरवलेलं आहे.

त्या मुलाचं नावही पानावर आहे, पणजोबाच्या खालच्याच अनुक्रमांकावर. तो पणजोबापेक्षा दोन इयत्ता पुढे गेला. मोठेपणी सभासदांच्या वहीत 'कबुलीने' आला, लग्न झालं, आणि मग 'दाखला घेऊन गेला, मनमाड'. त्याच्यापुढची ओळ आमच्या पेटीत नाही. मनमाडच्या एखाद्या पेटीत असेल. मी तिकडे दोनदा जाऊन आलो, अजून हाती लागलेली नाही.

कुणबी नोंदीचा कागद मी भावकीला दिला, त्यांनी जातीच्या दाखल्याच्या प्रकरणाला जोडला. रजिस्टरच्या त्या पानाची आख्खी प्रत, शेऱ्यासकट, मी आमच्या घरात फ्रेम करून लावली आहे. नातवंडं विचारतात, मी सांगतो.

आता कामाचं. तालुक्यात फिरताना मी अशा पाच-सहा पेट्यांची चौकशी केली. एका ठिकाणी रंगकामाला जागा हवी म्हणून वह्या मागच्या खोलीत ठेवल्या आणि पावसाळ्यात वाळवीनं त्यांची माती केली. एका ठिकाणी त्या रद्दीत गेल्या. ज्यांनी दिल्या त्यांना मी दोष देत नाही, जुन्या वहीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका गावात फाटलेल्या पानांना कुणीतरी मायेनं चिकटपट्टी लावली होती. दहा वर्षांत पट्टी पिवळी पडून खालची अक्षरं तिच्याबरोबर निघून आली. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे लग्नाच्या नोंदी सरकारकडेही जात, त्यामुळे लग्नांचा माग तरी दुसरीकडे लागू शकतो. मयतांची, पंचांची आणि शाळेची वही एकेकच असते. ती गेली की गेली.

आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे, दोन विटांवर. वही चर्चबाहेर न्यायची नाही, मालकी मंडळीची. पान सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात फोनवर फोटो काढायचा, फ्लॅश नाही. चिकटपट्टी, डिंक, थुंकी लावून पान उलटणं, काही नाही. प्रत्येक फोटोला वहीचं नाव आणि पान क्रमांक. नक्कल करताना मूळचं शुद्धलेखन सुधारायचं नाही, कारण 'नेवासें' आणि 'नेवासा' यांतल्या फरकावरूनही लिहिणारा कोण ते कळतं. न लागलेला शब्द सोडून तिथं रिकामी जागा ठेवायची, अंदाजानं भरायचा नाही.

तुमच्या गावात जुनं चर्च असेल तर एकदा पाळकसाहेबांना भेटा. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. गावाच्या स्मरणिका निघतात, ग्रामपंचायती इतिहासाच्या पुस्तिका छापतात, त्या छापण्याआधी ही पेटी उघडली पाहिजे. आणि मंडळीतल्या लोकांनाही माझी विनंती आहे, वह्या जपा आणि गावाला दाखवा.

आमच्या सात वह्यांपैकी चार वह्यांचे फोटो झाले. मोडीतली पानं अडून राहिली आहेत, १९१८ ची ती दोन पानंसुद्धा मला पुरती लागलेली नाहीत. नेवाशाच्या आसपास मोडी वाचणारं कुणी असेल तर यावं. रविवारी उपासना सुटल्यावर, अकराच्या पुढे, गुरुजी आणि मी चर्चच्या ओट्यावर बसलेलो असतो.